आठ आण्याचं वजन

आमच्या वस्तीवर रेकॉर्डचं मशीन आलं 1974 साली. थोरल्या दादानं उसाच्या बिलातून घेतलं. एच.एम.व्ही.ची पेटी, एक आंब्लीफायर, दोन कर्णे आणि वीस-पंचवीस रेकॉर्डी. लग्नसराईत दादाला उसंत नसायची. काटेवाडीपासून निमगाव केतकीपर्यंत कुठं मांडव पडला की लिंबाला दादाचा कर्णा बांधलेला दिसायचा. सकाळी सनई, मग प्रल्हाद शिंदे, जेवणं उरकली की दादा कोंडके. वायरीचं भेंडोळं खांद्यावर घेऊन मी मागं.

त्यात एक लाँगप्ले होती, भीमसेन जोशींच्या अभंगांची. ती लग्नात लावायची नाही, हा दादाचा नियम. ती निघायची वर्षातून एकदा, तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसरच्या मुक्कामाला जाते त्या दिवशी. आमची वस्ती त्याच रस्त्याला. वारकऱ्यांना पाणी, पिठलं-भाकरी आणि कर्ण्यावर अभंग.

1978 च्या आषाढात दादा चुलीकडं जेवणाचं बघायला गेला आणि मशीन माझ्यावर सोपवलं. मी नुकताच मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो, अंगात मस्ती होती. पेटी ठेवली होती बैलगाडीच्या साटीवर. साटी एका अंगाला कललेली, त्यात पोरं चढत-उतरत होती. पिन उडायला लागली. एकच शब्द पुन्हा पुन्हा. रस्त्यावरची माणसं हसायला लागली. मी खिशातलं आठ आण्याचं नाणं काढलं आणि पिनच्या दांड्याच्या तोंडावर ठेवलं. तेव्हा सगळेच स्पीकरवाले तसं करायचे. पिन उडायची थांबली. मला वाटलं, जिंकलं. दिवसभर तीच बाजू दहा-बारा वेळा वाजवली.

दिवस मावळताना दादा आला. त्याचं लक्ष नाण्याकडं गेलं. त्यानं दांडा उचलला, रेकॉर्ड उजेडाकडं तिरकी धरून बघितली. मग नाणं माझ्या तळहातावर ठेवलं.

"हे तुझं," एवढंच म्हणाला.

मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर त्यानं मला मशीनला हात लावू दिला नाही.

पुढं कॅसेटी आल्या, धंदा बसला. वाटण्या झाल्या. चारीच्या पाण्याच्या पाळीवरून आमचं असं फाटलं की नऊ वर्षं बोलणं नव्हतं. त्या भांडणात दादानं सगळं उकरून काढलं. आईचे दागिने, बैलाचा हिशोब, माझ्या शाळेचा खर्चसुद्धा. ती रेकॉर्ड मात्र कधी काढली नाही. आधीच बोलला असता तर मी कधीतरी चुकलो म्हणालो असतो. तेही राहून गेलं.

दादाला जाऊन दोन वर्षं झाली. वर्षश्राद्धानंतर वहिनींनी एक पत्र्याची पेटी माझ्याकडं पाठवली. त्यात सगळ्या रेकॉर्डी. पुतण्या पुण्याला नोकरीला आहे. तो म्हणाला, "काका, पुण्यात पोरं आता परत रेकॉर्डी ऐकत्यात." आणि नवं मशीन घेऊन आला. आम्ही ते लोखंडी कपाटावर ठेवलं, शेजारीच स्पीकर, आणि लावली एक रेकॉर्ड. घुंई असा आवाज, वर खरखर, 'स' आला की चर्र. दुसरी लावली, तसंच. मला वाटलं, मी एक नाही, सगळ्याच नासवल्या.

बारामतीत एक जुने रेडिओ दुरुस्तीवाले आहेत, वय ऐंशीच्या पुढं. दोन रेकॉर्डी घेऊन त्यांच्याकडं गेलो. त्यांनी भिंगातून बघितल्या. म्हणाले, "पाव्हणं, रेकॉर्ड गेलीय का मशीन चुकीचं बसलंय, हे आधी ठरवा. रेकॉर्डीला उगं बोल लावू नका." आणि पुढच्या चार खेपांत त्यांनी मला सगळं शिकवलं.

पहिली गोष्ट जागा. कपाट पत्र्याचं, स्पीकरचा हादरा त्यातून पिनेत जातो आणि पिन तोच पुन्हा आवाज करून देते. मी भिंतीत कडाप्पा बसवला, स्पीकर खाली लांब ठेवले. गवंड्याची लेव्हल आणून मशीन दोन्ही अंगांनी सपाट केलं. आयुष्यभर रानाला पाणी दिलं. पाणी एका कडेला का पळतं हे मला कुणी सांगायला नको होतं. पण गाण्यालाही उतार चालत नाही, हे साठीनंतर कळलं.

दुसरी गोष्ट अर्थिंग. मशीनमागची एक बारीक वायर आम्ही फालतू म्हणून गुंडाळून ठेवली होती. ती आंब्लीफायरच्या स्क्रूला लावली आणि घुंई बंद.

तिसरी पिन. रेकॉर्डवर कडेपासून मधापर्यंत एकच तास असतो, गोल गोल गेलेला. रेकॉर्ड कापताना कातणारी पिन सरळ रेषेत मधाकडं जाते. आपला दांडा मात्र फाटकासारखा एका टोकावर फिरतो, म्हणून तो दोनच ठिकाणी तासाला बरोबर लागतो. ती दोन ठिकाणं छापलेला कागद मिळतो. त्यावर पिन ठेवायची आणि दोन्हीकडं ती रेघांना समांतर येईपर्यंत सरकवायची. औत तिरकं धरलं की तास वाकडा जातो, त्यातलाच प्रकार. याला माझी अख्खी दुपार गेली.

वेग तपासायला रेघांची एक चकती असते. आपली वीज सेकंदाला 50 फेऱ्यांची, म्हणून चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. मिनिटाला 33⅓ फेरे बरोबर पडत असतील तर त्या उजेडात चकतीच्या 180 रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात.

आणि सगळ्यात शेवटी वजन. दांड्याच्या मागच्या टोकाला एक गोल वजन असतं. ते फिरवत दांडा तराजूसारखा अधांतरी उभा करायचा. तिथं आकडा शून्यावर आणायचा आणि मग फिरवून दोन ग्रॅम द्यायचे. फिरताना पिन मधाकडं ओढली जाते, ती ओढ रोखायची चकतीही दोनवरच. माझ्या पिनेला दोन ग्रॅम पुरतात.

"आणि उडाली तर?" मी विचारलं.

"तर खाली बघायचं. वर वजन टाकायचं न्हाई."

परत येताना सराफाच्या दुकानात जुनं आठ आण्याचं नाणं काट्यावर ठेवून घेतलं. पाच ग्रॅम.

रात्री एकेक रेकॉर्ड लावली. सनई वाजली, प्रल्हाद शिंदेंचा आवाज भिंतीतून बाहेर आल्यासारखा आला. खरखर थोडी, पण गाणं वर आणि ती खाली. सगळ्या काही नासल्या नव्हत्या. राहिली ती अभंगांची. पाकिटातून काढली तर पाकिटावर पेन्सिलीनं दादाचं अक्षर : 'पहिली बाजू लावू नये.' का ते नाही. कुणी खराब केली तेही नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींना बोलावून आणलं. त्या उंबऱ्याजवळ बसल्या. मी पहिलीच बाजू लावली. मशीन सपाट, पिन सरळ, वजन दोन ग्रॅम, काही चुकलेलं नव्हतं. तरी आवाज चढला की चर्र व्हायचं. तास खरवडून गेला तो गेला, तो कुठल्या लेव्हलनं भरून येत नाही. मी पिन उचलली नाही. वीसेक मिनिटं, शेवटापर्यंत ऐकलं. वहिनींना सांगितलं, हे माझ्या हातून झालंय.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "पालटा आता. दुसरी बाजू त्यांना लई आवडायची."

मी रेकॉर्ड पालटली. तंबोऱ्याची तार स्वच्छ लागली.