हळदीची आई

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाने आपल्या लेकराला निसर्ग भेटत नाही म्हणून चिंता करावी, हे वाचकांना हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. इथे वस्ती संपली की शेत सुरू होते. तरीही ती चिंता माझ्या वाट्याला आली, आणि तिचे कारण माझ्याच घरात होते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. मुलीसाठी मुळाक्षरांचा एक तक्ता मी स्वतः तयार केला होता. त्यात ‘ह’ हळदीचा होता आणि शेजारी पिवळ्या पुडीचा ढीग रंगवलेला होता. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वसमत तालुक्यात आमचे वडिलोपार्जित शेत आहे; पण पाच वर्षांच्या माझ्या मुलीच्या लेखी हळद म्हणजे पिशवीतून डब्यात ओतायची पूड, एवढाच अर्थ होता.

बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत आम्हा दोघांनाही घरी थांबणे शक्य नव्हते, म्हणून तिला पंधरा दिवस आईकडे ठेवले. हळदीच्या काढणीचा तो हंगाम. पहिले दोन दिवस चिखल पायाला लागतो म्हणून ती रडली. नंतर तिचे फोन येईनासे झाले. मी आणायला गेलो तेव्हा तिची नखे पिवळी झाली होती आणि तिने मला विचारले, “बाबा, हळदीला आई असते, हे तुम्हांला माहीत होतं का?”

मला माहीत नव्हते. म्हणजे असे माहीत नव्हते. लहानपणीच वसतिगृहात गेलेला मी शेतकऱ्याचा मुलगा. आईने मातीतून उपटलेला एक कंद तिच्या हातात देऊन सांगितले होते, “हा मधला गड्डा माय, अन् ही हळकुंडं तिची लेकरं. नऊ महिने मातीत ऱ्हातेत.” यात अलंकारिक काही नव्हते. जूनच्या सुमारास लावलेली हळद फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. गड्डे बेण्यासाठी राखतात, हळकुंडे शिजवून वाळवतात. मुलीने हे सगळे पाहिले होते, वास घेतला होता, हात रंगवून घेतले होते. तिच्यापाशी वस्तू आधी आली आणि शब्द मागून आला. माझ्या तक्त्यावर हा क्रम नेमका उलटा होता.

बहिणाबाई चौधरींची कविता मी कित्येक वर्षे वर्गात शिकवत आलो आहे. अक्षरओळख नसलेल्या या बाईच्या प्रतिमा शेतातून आल्या, हे वाक्य मी टिपणात लिहून देतो. एकदा एका विद्यार्थ्याने “सर, तिफण कशी असते?” असे विचारले, तेव्हा मी शब्दकोशातला अर्थ सांगून पुढे गेलो. त्याचा प्रश्न अनुत्तरितच राहिला. लहान वयात ज्या गोष्टींना हात लागलेला नसतो, त्यांच्यावरची कविता पुढे केवळ शब्दार्थांची यादी होऊन बसते, असे आता मला वाटते.

मात्र याचा अर्थ शेतातले बालपण आपोआप समृद्ध असते, असा नव्हे. ऊसतोडीच्या फडावर वाढणारे मूल उघड्या आकाशाखालीच असते. पण तिथे त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला कोणाला उसंत नसते. ताराबाई मोडकांनी हे ओळखले होते. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने, फुले घेतली. अंगणात भरणारी अंगणवाडी त्यातूनच आली. पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर काम करताना, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. मुलाभोवती निसर्ग होताच. त्यांनी त्यात एक बोलणारे, ऐकणारे माणूस आणून ठेवले. माझ्या मुलीसाठी ते माणूस म्हणजे माझी आई होती. आईला लिहितावाचता येत नाही, आणि तिच्याकडून काही शिकण्यासारखे आहे हे मान्य करायला मला, एका साहित्याच्या शिक्षकाला, इतकी वर्षे लागली.

‘पी हळद अन् हो गोरी’ असा प्रकार शिक्षणात चालत नाही. पंधरा दिवसांनी मुलगी बदलून गेली, असे मी म्हणणार नाही. चिखलाला ती अजूनही थोडी बिचकते. पण गेल्या जूनमध्ये आजीने तिला एक सरी दिली आणि राखून ठेवलेल्या बेण्यातला एकेक गड्डा तिने स्वतः लावला. आता दर रविवारी आम्ही गावी जातो. पाने बरीच उंच झाली आहेत. मातीखाली आईला लेकरे झाली असतील का, असे ती मला विचारते. उकरून पाहू नये, एवढेच मी सांगतो, आणि पुढचे आजीला विचारायला पाठवतो. तिच्या पाठोपाठ हल्ली मीही जातो.