गळाची पेटी आणि उजवा हात

वाचकहो, दुखण्यातून उठलेल्या वडीलधाऱ्या माणसाला आपण घरात सर्वांत अधिक वेळा कोणते वाक्य ऐकवतो, याचा कधी विचार केला आहे का? ‘तुम्ही आता काही करू नका, नुसते बसून राहा.’ या वाक्यात माया असते, धास्तीही असते. परंतु ज्याचे सारे आयुष्य हातांनी काही ना काही घडवण्यात गेले, त्याला हे वाक्य औषधाइतके सहज गिळता येत नाही. माझ्या घरी त्याला उत्तर मिळाले ते एका लाकडी पेटीच्या रूपाने. आपल्याही घरी असे कुणी असेल, म्हणून ही हकीकत आपल्यासाठी लिहीत आहे.

माझे यजमान मूळचे रत्नागिरीकडचे. खाडीच्या काठी गरी टाकून बसण्यात त्यांचे बालपण गेले. नोकरीच्या निमित्ताने आम्ही अमेरिकेत सॅन दिएगो येथे आलो आणि इथलेच झालो. या शहरातील पॉईंट लोमाच्या धक्क्यावरून हौशी मासेमारांच्या मोठ्या बोटी सुटतात. त्यांतील काही एक-दोन दिवसांत परततात; काही मात्र मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया या द्वीपकल्पाच्या कडेकडेने दक्षिणेकडे आठ, दहा, कधी सोळा दिवसांच्या सफरीवर जातात. निघताना बंदराच्या तोंडाशी थांबून जिवंत तारली आमिष म्हणून टाक्यांत भरून घेतात. सावज असते ते मुख्यतः पिवळ्या पंखांच्या कुप्याचे. आपल्याकडे काही ठिकाणी त्यालाच गेदर म्हणतात. तिकडच्या खोल पाण्यात हा मासा नव्वद किलोंच्याही पुढे भरतो आणि एकेकाशी झुंज तासभर चालते.

अशा सफरीला जाणाऱ्याजवळ सामानाची मोठी पेटी लागते. लहानमोठे गळ, शिशाची वजने, निरनिराळ्या ताकदीच्या तंगुसाची रिळे, लोखंडी चमकदार आमिषे, पक्कड, कात्री, हातमोजे हे सर्व तिच्यात असते. मधल्या समुद्रात दुकान नसते. म्हणून कित्येक जुने खलाशी मासेमार आपली पेटी आपल्या हाताने, आपल्या सवयींच्या मापाने बनवतात. यजमानांना अशी पेटी करायची होती. नोकरीमुळे ते राहून गेले होते.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी, वयाच्या 69 व्या वर्षी, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. सकाळच्या चहाच्या वेळी कप उजव्या हातातून निसटला, तोंड एका बाजूला ओढल्यासारखे दिसू लागले आणि शब्द जड झाले. मुलाने तत्काळ रुग्णवाहिका बोलावली. वाचकहो, एवढे तीन शब्द पाठ करून ठेवा: चेहरा, हात, बोलणे. यांपैकी एकात जरी अचानक बिघाड दिसला, तर घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा. भारतात 108 किंवा 112 हा क्रमांक फिरवावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि ते जितके लवकर मिळेल तितका लाभ अधिक होतो. ‘थोडे पडून राहिले की बरे वाटेल’ असे म्हणण्यात हेच तास निघून जातात.

यजमान वाचले, चालू लागले, बोलणेही सुधारले. उजवा हात मात्र मागे राहिला. सदऱ्याचे बटण लागेना, पेन धरता येईना. रुग्णालयातील उपचारिकेने मऊ गोळा दाबण्याचे, भोकांत खुंट्या बसवण्याचे, नाणी उचलण्याचे व्यायाम दिले. ते करीत, पण जसा शाळकरी मुलगा शिक्षा म्हणून पाढे लिहितो, तसे. एके दिवशी तिने विचारले, “या हाताने तुम्हांला नेमके काय करायचे आहे?” ते म्हणाले, “तंगुसाला गळ बांधायचा आहे.” ती हसली नाही. तिने वहीत तसे लिहून घेतले आणि पुढच्या खेपेस घरून दोरा व मोठा गळ आणायला सांगितला. गळाचे टोक तेवढे बुचात खुपसलेले असावे, ही तिची अट होती.

मेंदूचा एखादा भाग दुखावला तरी उरलेला मेंदू नवे मार्ग जोडू शकतो, हे आज वैद्यकाला ठाऊक आहे. हे मार्ग पुनःपुन्हा केलेल्या सरावाने पक्के होतात आणि ज्या कामाला अर्थ आहे, त्याचा सराव माणूस न कंटाळता करतो. गळ बांधण्याच्या त्या सरावातून पेटीची कल्पना पुन्हा वर आली. मी प्रथम गप्प राहिले. करवत, पटाशी, रंधा आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणारा माणूस ही सांगड मला कशी रुचावी? पण मुलाने, उपचारिकेने आणि मी बसून कामाची वाटणी केली, ती अशी.

विजेच्या करवतीला त्यांनी हात लावायचा नाही. कागदावरच्या मापाबरहुकूम मरीन प्लायवूडच्या फळ्या दुकानातूनच कापून आणल्या. बाजूंना 12 मिलिमीटरच्या आणि खणांच्या तळाला 6 मिलिमीटरच्या. फळी धरून ठेवण्याचे काम हाताने करायचे नाही, ते शिकंजाने करायचे. दुबळ्या हाताला पहिले काम दिले ते पॉलिश पेपरने घासण्याचे. लाकडाच्या ठोकळ्याला पेपर गुंडाळून तो हातात दिला. त्यात बोटांची कसरत नसते. खांदा आणि कोपर चालतात. हाताने पिळायच्या पेचकसाच्या मुठीवर जुन्या सायकलची रबरी नळी चढवून ती जाड केली. संधिवाताने बोटे आखडलेल्या माणसांनीही हा उपाय करून पाहावा. जाड मूठ धरायला कमी जोर लागतो, मग ती पेचकसाची असो, चमच्याची असो वा दात घासण्याच्या ब्रशची.

लाकडाचा भुसा हा श्वासाला खरोखर अपायकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत घातले आहे. म्हणून काम पडवीत, नाकातोंडावर एन-95 मुखपट्टी आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच होई. जोडांना लावायचे इपॉक्सी त्वचेला लागू नये म्हणून हातमोजे असत. स्वयंपाकघरातले घड्याळ वीस मिनिटांवर लावून मी शेजारी भाजी निवडत बसे. घंटी वाजली की पाणी पिऊन विश्रांती घ्यायची. पक्षाघातानंतरचा थकवा अचानक येतो आणि थकलेला हातच चुकतो. झोप आणणारे कोणतेही औषध घेतलेल्या दिवशी हत्यारांना सुट्टी असे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे लहानशी जखमही बराच वेळ वाहते. म्हणून स्वच्छ पट्ट्या हाताशी ठेवलेल्या असत.

पेटीची रचना मूळ कागदावर एकच होती: दोन हात लांब, सहा खणांची, वर उतरते झाकण. निम्मी झाल्यावर यजमानांनी तिच्यात शिसे आणि लोखंडी आमिषे मांडून पाहिली आणि उचलायला गेले. ती हलली, पण उचलली गेली नाही. ते बराच वेळ तिच्याकडे पाहत उभे होते. त्या क्षणी मला वाटले की आता हे सारे थांबणार. संध्याकाळी त्यांनी नवा कागद घेतला आणि एका पेटीच्या दोन केल्या. प्रत्येकीचे भरलेले वजन सात किलोंच्या आत. पहिलीत नेहमीचे हलके सामान, दुसरीत मोठ्या कुप्यासाठीचे जड गळ आणि जाड तंगूस. दोन्ही पितळी कड्यांनी एकमेकींना जोडता येतील अशा. ओझे कमी करायचे ते दोन खेपा करून, हा नियम बाजारहाटाच्या पिशवीलाही लागू आहे. कंबर आणि गुडघे जपायचे असतील तर तो लक्षात ठेवावा.

पुढे पेटी त्यांच्या हाताच्या मापाने घडत गेली. खणांना लहान गोल मुठी लावल्या नाहीत, कारण त्या चिमटीत धराव्या लागतात; त्याऐवजी चार बोटे शिरतील असे चामड्याचे रुंद पट्टे लावले. बोट डुलते तेव्हा खण आपोआप बाहेर येऊ नयेत म्हणून समोर एकच फळी वरून खाली सरकते आणि सर्वांना अडवते. ती डाव्या हातानेही लावता येते. बिजागऱ्या आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, कारण खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते. तळाला पाणी निघून जायला भोके आणि न घसरणारे रबरी पाय. बाहेरून इपॉक्सीचे दोन हात दिले आणि त्यावर उन्हापासून राखणारे वार्निश. उघडे इपॉक्सी उन्हात पिवळे पडून खराब होते. खणांवर मराठीत, मोठ्या अक्षरांत, पांढऱ्यावर काळी नावे लिहिली. ती त्यांनी उजव्या हाताने लिहिली. अक्षर वाकडे होते, पण वाचता येत होते. हे सर्व व्हायला सात महिने लागले.

पेटी पुरी होत आली तसा समुद्र माझ्या उंबरठ्याशी आला. पेटी झाली की सफर आलीच. दहा दिवसांच्या सफरीत बोट किनाऱ्यावरील रुग्णालयापासून किती तरी तास, कधी दिवसभर दूर असते, हे मला ठाऊक होते. नको म्हणावे तर सात महिन्यांचे श्रम पुसल्यासारखे होते. हो म्हणावे तर रात्री झोप नव्हती. अखेर आम्ही दोघे एकत्र मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो आणि प्रश्न लिहून नेले. पुन्हा झटका येण्याचा धोका किती? रक्तदाब किती दिवस सलग आटोक्यात असावा? बोट लागू नये म्हणून घ्यायची औषधे चालतील का? या शेवटच्या प्रश्नाकडे ज्येष्ठांनी विशेष लक्ष द्यावे. कानामागे लावायच्या पट्टीसारख्या काही औषधांनी वयस्कांना गोंधळल्यासारखे होते, लघवी अडते. काचबिंदूच्या काही प्रकारांत तर ती मुळीच चालत नाहीत.

डॉक्टरांनी दहा दिवसांच्या सफरीला स्पष्ट नकार दिला. किनाऱ्याच्या जवळून जाणारी तीन दिवसांची सफर, सोबतीला मुलगा, औषधे दोन वेगवेगळ्या पिशव्यांत आणि बोटीच्या कप्तानाला आधी सर्व कल्पना, एवढ्या अटींवर परवानगी दिली. परतताना गाडीत यजमान काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन पेट्यांच्या मधल्या पितळी कड्या सोडवल्या.

पहिली पेटी त्यांच्याबरोबर गेली. त्यांनी दोन मध्यम मासे धरले आणि गळ स्वतः बांधले. दुसरी पेटी, मोठ्या कुप्याची, त्यांचे मित्र दरवर्षी आपल्या लांबच्या सफरीवर नेतात. परत आली की यजमान गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने तिचे मीठ पुसतात, बिजागऱ्यांना तेल देतात, कोणता गळ उरला आणि कोणता गेला ते मोजतात. त्या वेळी ते हळहळत नसतील असे मी म्हणणार नाही. पण उजवा हात त्या वेळी काम करीत असतो.

सांभाळ करणाऱ्यांनो, आपल्या माणसाला गोळी कधी दिली याची नोंद आपण ठेवतोच. त्याबरोबर एकदा त्याच्या शेजारी बसून हेही विचारा, की या हाताने तुम्हांला काय करायचे आहे? उत्तर पोळी लाटणे असेल, देवाला हार करणे असेल, पेटीवर सा लावणे असेल. मग त्या कामातला धोका बाजूला काढून उरलेले काम त्यांच्या हाती द्या. वजन जास्त वाटले तर त्याचे दोन भाग करा.