पाडून मागणे

घर विकत घेताना मालकाने सांगितलेल्या किमतीपेक्षा कमी मागावे की नाही, असा प्रश्न धर्मग्रामातील कुटुंबे आम्हांस अधूनमधून विचारतात. पाडून मागणे ही लबाडी, अशी एक समजूत. न पाडता घेणारा भोळा, अशी दुसरी. आम्हांस दोन्ही अपुऱ्या वाटतात. कमी मागण्यात दोष नाही; ते कशाच्या बळावर मागितले, हे महत्त्वाचे.

घराची किंमत उतरवणारी कारणे कित्येकदा घरातच असतात. छताची गळती, ओलीने फुगलेला गिलावा, उघड्या पडलेल्या गंजक्या सळया, सोसायटीची थकबाकी, भोगवटा प्रमाणपत्राचा अभाव. मिस्त्रीकडून दुरुस्तीचा अंदाज घ्यावा, शेजारच्या अलीकडील खरेदीखतांतील आकडे पाहावेत आणि तो हिशेब मालकापुढे मांडावा. मालक ६० लाख सांगत असेल आणि दुरुस्तीस ४ लाख लागणार असतील, तर ५६ मागणे रास्तच. घासाघिशीला जागा राहावी म्हणून ५४ पासून सुरुवात केली, तरी त्यात वावगे नाही.

परंतु पुष्कळदा आकडा घराकडे पाहून नव्हे, तर मालकाच्या चेहऱ्याकडे पाहून ठरतो. आमच्या परिचयातील एका विधवा भगिनीने पतीच्या उपचारांचे कर्ज फेडण्यासाठी घर विकावयास काढले. कर्जफेडीची तारीख कळताच एका गिऱ्हाइकाने मुद्दाम दिवस ढकलले आणि अखेरीस निम्मा भाव सांगितला. घर तेच होते, भिंती त्याच होत्या. वाढली होती ती केवळ तिची निकड. अडलेला हरी ज्याचे पाय धरतो, त्याला त्या म्हणीत कोणते नाव मिळाले आहे, हे अशा गिऱ्हाइकाने आठवावे.

कायदाही येथे अगदीच मुका नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने विक्रेत्यास मालमत्तेतील छुपे दोष सांगणे बंधनकारक केले, हे अनेकांस ठाऊक असते. मात्र विक्रेत्याच्या हक्काचे मोल बरेच वाढवणारी एखादी गोष्ट त्याला स्वतःला ठाऊक नसून खरेदीदारास ठाऊक असेल, तर ती त्याला सांगण्याचे बंधन खरेदीदारावरही आहे. शिवाय महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क करारातील किंमत व सरकारी दर यांपैकी जी रक्कम अधिक, तिच्यावर आकारले जाते. सरकारी मूल्यापेक्षा किंमत फारच खाली गेली, तर तो फरक प्राप्तिकरासाठी खरेदीदाराचे उत्पन्नही धरला जाऊ शकतो.

म्हणून विसार देण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस एकच प्रश्न विचारावा: हा आकडा आणि त्यामागचे खरे कारण, दोन्ही आपण मालकाच्या तोंडावर सांगू शकू काय? ज्या भावाने घेतलेल्या घराच्या आशीर्वादविधीस जुन्या मालकाला संकोचाविना बोलावता येते, तो भाव कमी असला तरी न्याय्यच म्हणावा.