अब्बांची चार पोती माती

२०१६ च्या उन्हाळ्यात अब्बांनी फुलंब्री तालुक्यातलं तीन एकर शेत विकलं आणि ते आमच्याकडे शहरात राहायला आले. सामान फार नव्हतं. एक लोखंडी पेटी, अम्मींच्या वेळचा तांब्याचा हंडा आणि चार पोती माती. माती बघून टेम्पोवाला हसला. आम्हीही मनातून वैतागलोच, कारण रोशन गेटजवळच्या आमच्या छोट्या घरात चार पोती ठेवायची कुठे? शेवटी ती गच्चीवर गेली.

आम्ही दोघंही शिक्षक. शेतीतलं आम्हाला फार कळत नव्हतं, पण अब्बांचं मन रमावं म्हणून पहिल्याच पावसाळ्यात दहा-बारा कुंड्या आणल्या, त्यांत ती काळी माती भरली आणि टोमॅटो, मिरची, पुदिना लावला. महिनाभरात कुंड्यांचे दगड झाले. पाणी घातलं की वर तसंच साचून राहायचं, दोन दिवस ऊन पडलं की माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटायची आणि मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली. पुदिनासुद्धा जगला नाही, आणि पुदिना मारणं सोपं नसतं. अब्बा काही बोलले नाहीत. रोज असरनंतर गच्चीवर जाऊन बसायचे, एवढंच.

कारण पुढे समजलं. आपल्या भागातली काळी माती अग्निजन्य काळ्या खडकापासून बनलेली. तिचे कण फार बारीक असतात, ओले झाले की फुगतात, वाळले की आक्रसतात. शेतात हाच गुण कामाचा, ती पाणी धरून ठेवते आणि कापूस-तूर त्या ओलीवर तग धरतात. शेतात मुळांना खोल जायला जागा असते, भेगांतून हवा जाते, गांडुळं असतात. फूटभर उंचीच्या कुंडीत यातलं काहीच नसतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, हे आम्ही वर्गात शिकवत होतो. कुंडी भरताना मात्र आठवलं नाही.

त्यानंतर आला फेब्रुवारी २०१८. छत्रपती संभाजीनगर म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद. इथल्या वाचकांना ते दिवस सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तीसेक वर्षं आपल्या शहराचा सगळा कचरा नारेगावला टाकला जात होता. दुर्गंधी, धूर आणि खराब झालेलं पाणी सोसून कंटाळलेल्या आसपासच्या गावकऱ्यांनी १६ फेब्रुवारीपासून कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहरात रोज सुमारे ४०० टन कचरा निघत होता आणि तो जाणार कुठे हे ठरेना. चौकाचौकात ढीग लागले. मार्चमध्ये मिटमिट्याला गाड्या नेताना दगडफेक झाली, लाठीमार झाला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ढीग होता. सकाळी नाकाला रुमाल लावून आम्ही शाळेत जायचो आणि जो तो दुसऱ्याला दोष द्यायचा.

एका रात्री जेवताना अब्बा म्हणाले, ‘‘तुम कू पंधरा दिन में इतना हुआ. वो लोगां तीस साल से सूंघ रहे.’’ जेवण तसंच राहिलं. नारेगाव आमच्या घरापासून काही फार लांब नाही. तिथे जाणाऱ्या गाड्यांत आमच्या घरातलाही डबा रोज जात होता.

खत करायचं त्या आठवड्यात ठरलं. रंगाच्या वीस लिटरच्या दोन बादल्या घेतल्या, तापलेल्या सळईने तळाला आणि बाजूंना भोकं पाडली. सुका पाला फुकट मिळाला, कारण फेब्रुवारी-मार्च म्हणजे कडुनिंबाच्या पानगळीचे दिवस. शाळेच्या मैदानात तो पाला झाडून रोज सकाळी पेटवला जायचा. मुख्याध्यापकांना विचारून आम्ही तो पोत्यांत भरून ठेवायला सुरुवात केली. सहावी-सातवीच्या मुलांना पाला पेटवण्यापेक्षा पोत्यात उड्या मारून तो दाबायला जास्त आवडायचं.

रीत सोपी आहे. तळाला जाड काड्या, त्यावर पाला. एक वाटी ओला कचरा टाकला की वर दोन वाट्या चुरलेला सुका पाला. मधूनमधून मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक, दह्याला विरजण लावतो तसंच. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, सुक्या पाल्यात कर्ब जास्त. कुजवणाऱ्या जिवाणूंना एका भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो. कर्ब कमी पडला की बादलीला अमोनियाचा वास येतो, जास्त झाला की महिनोन्‌महिने काहीच घडत नाही. ओल किती असावी? खत मुठीत घेऊन पिळलं तर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. तीन-चार दिवसांनी खाली-वर करायचं. ढीग नीट लागला असेल तर आत घातलेला हात गरम लागतो.

हे सगळं आज कळतं. मे महिन्यात रमजान आला तेव्हा कळत नव्हतं. इफ्तारला टरबूज, खरबूज, केळी आणि सगळी सालं बादलीत. टरबुजाची साल म्हणजे जवळजवळ पाणीच. पाला संपला होता. आठवड्याभरात बादलीचा चिखल झाला, त्यात अळ्या वळवळू लागल्या आणि खालच्या मजल्यावरच्या खालांच्या ओट्यावर काळं पाणी ठिबकलं. रोजा असताना त्या जिना चढून आल्या आणि जे काही बोलल्या ते योग्यच होतं. ‘‘रस्त्यावरची घाण कमी होती का, की तुम्ही डोक्यावर आणून ठेवली?’’ आम्ही माफी मागितली. बादल्या फेकून द्यायचं जवळजवळ ठरलं होतं.

वाचवलं रसवंतीने. चौकातल्या गुऱ्हाळाबाहेर उसाच्या चिपाडांचा डोंगर होता, मालक उलट खूश झाला. दोन दिवस वाळवून, कापून ती बादलीत मिसळली, खाली परात ठेवली. चार दिवसांत वास गेला. अळ्याही आपोआप गेल्या. त्या काळ्या माशीच्या होत्या, कचरा खाऊन फस्त करतात, माणसाला काही करत नाहीत. खालांना हे समजावून सांगण्याचं धाडस मात्र आम्ही केलं नाही.

पुढची चूक मात्र जिव्हारी लागली. पावसाळा सुरू झाला. अब्बांनी एका ट्रेमध्ये वांगी आणि टोमॅटोची रोपं तयार केली होती, दोन वर्षांनी पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून काही लावलं होतं. आम्ही उत्साहाने बादलीतलं खत काढलं. सालींचे तुकडे दिसत होते, पण रंग काळा होता, तेवढ्याने भुललो. मातीत मिसळलं, रोपं लावली. पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडली, वाढ थांबली, अर्धी रोपं गेली. अर्धवट कुजलेलं खत मातीत गेलं की जिवाणू कुजवण्याचं काम तिथे पुढे चालू ठेवतात आणि त्यासाठी मातीतलं नत्र आधी स्वतः घेतात. रोप उपाशी राहतं. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली तर बहुतेक वेळा नत्राची कमी असते. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोहाची. आपल्या चुनखडीच्या मातीत ते नेहमीचंच.

अब्बांनी एक मेलेलं रोप उपटलं, मुळं पाहिली. मग बऱ्याच दिवसांनी ते भरभरून बोलले. गावाकडे उकिरडा वर्षभर भरायचा आणि पाऊस पडायच्या आत, उन्हाळ्यात, बैलगाडीने शेतात न्यायचा. कच्चं शेण टाकलं तर हुमणी लागते, म्हणून घाई करायची नाही. आज आपण उकिरडा हा शब्द शिवीसारखा वापरतो. त्यांच्या लहानपणी ज्याचा उकिरडा मोठा, त्याचं घर मोठं.

‘‘मग आपल्या शेतात शेवटी शेवटी खत का नव्हतं?’’ आम्ही विचारलं.

‘‘बैल कुठं होते?’’ ते म्हणाले. २००३ मध्ये बैलजोडी विकली. गाय त्याआधीच गेली होती. शेण नाही, म्हणून उकिरडा नाही. ट्रॅक्टर भाड्याने, युरिया पिशवीतून, आणि पऱ्हाट्या बांधावर जाळून टाकायच्या. तेरा वर्षं जमिनीने दिलं ते दिलं. ‘‘मिट्टी कू भी भूक लगती बेटा,’’ एवढं म्हणून ते खाली गेले.

२००३ हे आमच्या बीएडचं वर्ष. फी कशी भरली गेली हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

चौथं पोतं तेव्हा अजून उघडलेलं नव्हतं. त्यातली माती आम्ही तपासायला दिली. सामू आठच्या वर, सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली. अब्बांना कार्ड वाचून दाखवलं. त्यांनी ते घेतलं, घडी घातली आणि आपल्या फाईलीत ठेवलं. त्यांना नवीन काही कळलं नव्हतं.

त्यानंतर आमची घाई संपली. खत अडीच-तीन महिने ठेवायचं, मूळ वस्तू ओळखू येत नाही आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो तोवर. शंका असेल तर वाटीभर खतात थोडी माती मिसळून मेथी पेरावी. चार-पाच दिवसांत सरळ, हिरवी उगवली तर खत तयार. कुंडीत एक भाग माती, एक भाग खत आणि एक भाग नारळाचा भुसा. भुसा आधी दोनदा पाण्यातून काढावा, त्यात क्षार असतात. आपल्याकडे नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे पाणी धरून ठेवणारा आणि तरी हवा खेळू देणारा हा भुसा फार उपयोगी पडतो. राख घालू नका. जुन्या बायका सांगतात ते तांबड्या, आम्लधर्मी मातीसाठी ठीक आहे, आपली माती आधीच विम्लधर्मी.

वाचक भगिनी हमखास विचारतात, हाडांचं काय? मटणाची हाडं, उरलेलं सालन, बिर्याणी बादलीत नको. मीठ आणि तेल कुजण्याला बाधतं, वासाने मांजरं-उंदीर येतात. हाडांच्या भुकटीत स्फुरद असतं खरं, पण आपल्या विम्लधर्मी मातीत ते पिकाला फार सावकाश मिळतं, तेव्हा त्या खटाटोपात अर्थ नाही. बकरीदचा मात्र वेगळा लाभ आहे. कुर्बानीचे बकरे आठ-दहा दिवस गल्लीत बांधलेले असतात, त्यांच्या लेंड्या आणि उरलेला चारा आपण गटारीत लोटतो. लेंडीखत शेणखतापेक्षा सरस, शेतकरी त्यासाठी धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवतात. त्या ऑगस्टात अब्बा स्वतः टोपली घेऊन गल्लीत फिरले. मुलं मागे. पोरांनी त्यांचं नाव ‘लेंडीवाले दादा’ ठेवलं आणि त्याचा त्यांना राग आला नाही.

शाळेतही पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांच्या पद्धतीची, म्हणजे शेतकरी ज्यांना नाडेप काका म्हणत त्यांची, टाकी बांधली. मूळ माप १० बाय ६ बाय ३ फूट, विटांत हवेसाठी जाळी सोडलेली, आमची निम्मीच. पाला आता कुणी पेटवत नाही.

अब्बा २०२२ च्या हिवाळ्यात गेले. खालांनी त्या दिवसांत खालून जेवण पाठवलं, आणि पुढच्या महिन्यात पुदिन्यासाठी घमेलंभर खत मागून नेलं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्या वांग्याच्या कुंडीतली माती पुन्हा तपासायला दिली. सेंद्रिय कर्ब कितीतरी पटींनी वाढलेला. कुंडीत एवढं खत असल्यावर वाढणारच, त्यात आमचं कर्तृत्व काही नाही. ते कार्ड ठेवायला अब्बांची फाईल काढली. जुन्या कार्डाखाली २००३ ची बैलबाजाराची पावती होती. नवीन कार्ड त्या दोघांच्या मध्ये ठेवलं आणि फाईल पेटीत परत घातली.