सोलच्या न्हाणीघरात अक्का

भगिनींनो, आंघोळीवर काय लिहायचे, असे तुम्हाला वाटेल. आम्हालाही तसेच वाटले होते. परंतु मागच्या हिवाळ्यात दक्षिण कोरियातील सोल शहरात आम्ही दोघी बहिणींनी जी आंघोळ केली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमची अक्का आमच्याहून अठरा वर्षांनी मोठी. १९७२ च्या दुष्काळात आईवडील तिला घेऊन जालन्याकडून मुंबईला आले, तेव्हा ती बारा वर्षांची होती. आमचा जन्म त्यानंतरचा, चाळीतला. आम्ही रात्रीचे कॉलेज करून बी.कॉम. झालो, कारकून झालो. अक्का मात्र सफाई कामगार म्हणून लागली आणि तीस वर्षे रस्ते झाडून निवृत्त झाली. कामावरून आली की ती मोरीत शिरायची आणि वजरीने अंग घासत बसायची. टाचा घासायची वजरी ती हातांना, मानेला लावायची. कातडी लाल व्हायची. आई ओरडायची, "अगं, रक्त काढतेस का?" अक्का म्हणायची, "वास जात न्हाई." आम्हाला तिच्या अंगाला कधीच वास आला नाही. तिच्या झाडण्याच्या हद्दीत एक मोठी सोसायटी होती. तिथे तिला पाणी द्यायचे ते बाजूला ठेवलेल्या बाटलीतून, वरून ओतून. वास तिथला होता, हे आम्हाला फार उशिरा कळले.

अक्काचा मुलगा शिष्यवृत्तीवर सोलच्या एका विद्यापीठात संशोधन करतो. त्याने आम्हा दोघींची तिकिटे काढली. बाहेर नळाचे पाणी गोठेल अशी थंडी. एके दिवशी सूनबाई म्हणाली, "आई, मावशी, आज चिमजिलबांगला जाऊ."

चिमजिलबांग म्हणजे तिथले सार्वजनिक न्हाणीघर आणि शेकायच्या खोल्या एकत्र. खाली बायकांचे व पुरुषांचे न्हाणीघर वेगवेगळे, वर सगळ्यांना मिळून बसायला मोठे दालन. पुष्कळशी चोवीस तास उघडी असतात. माणशी पंधरा हजार वॉन, म्हणजे आपले साधारण नऊशे रुपये. दारात पायताणे कुलपात ठेवायची. मनगटाला किल्ली आणि हातात एकसारखा टी-शर्ट व अर्धी चड्डी मिळते. मालक असो की हमाल, आत सर्वांचा पोशाख तोच.

मात्र तो पोशाख वरच्या दालनासाठी. न्हाणीघरात अंगावर एक सूतही ठेवायचे नाही. अक्का दारातच थबकली. "मला न्हाई जमायचं. तुम्ही जा, मी सामानापाशी बसते." आमचीही छाती धडधडत होतीच. सूनबाई म्हणाली, "आई, इथं कुणी कुणाकडं बघत नाही." खरोखरच कुणी बघत नव्हते. आजी होत्या, लेकुरवाळ्या होत्या, आईचे बोट धरलेल्या तीन-चार वर्षांच्या पोरी होत्या. कुणाच्या पोटावर बाळंतपणाच्या रेघा, कुणाच्या पोटावर ऑपरेशनचा व्रण. दहा मिनिटांत आमची लाज आपोआप गळून पडली.

तिथला पहिला नियम असा, की हौदात उतरण्यापूर्वी ठेंगण्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंग धुवायचे. हा नियम सर्वांना. पाणी सर्वांचे, म्हणून स्वच्छतेची जबाबदारीही सर्वांची. मग कोमट, गरम, थंड अशा हौदांत बसायचे. अक्का पहिल्या पायरीवर उभी राहिली आणि हळूच आम्हाला म्हणाली, "यांच्याच पाण्यात उतरायचं?" आम्ही काही न बोलता तिचा हात धरला आणि दोघी गळ्याइतक्या पाण्यात बसलो.

अर्ध्या तासाने कातडी फुगली, तेव्हा अंग चोळून देणाऱ्या बाईने आम्हाला बोलावले. प्लास्टिकच्या कापडाने मढवलेल्या बाकावर आडवे व्हायचे. ती हातात खरखरीत कापडाची थैली घालते आणि मानेपासून तळपायापर्यंत रगडते. या थैलीला 'इटली टॉवेल' म्हणतात. ती जन्मली कोरियातल्या बुसानमध्ये, १९६० च्या दशकात. कापड इटलीहून आले होते, म्हणून नाव तसे पडले. कूस बदलायची तर ती बाई अंगावर हलकी थाप मारते. बोलावे लागत नाही.

अक्काच्या पाठीवरून करड्या रंगाच्या वळ्या निघू लागल्या. शेवयांसारख्या. तिने मान वळवून पाहिले आणि तिचा चेहरा पडला. "बघ, म्हणत होते ना मी? इतकी वर्षं घासलं तरी अजून हायेच." नंतर आमचा नंबर लागला. जन्म पंख्याखाली खुर्चीवर गेला, पण आमच्याही अंगातून तितक्याच वळ्या निघाल्या. शेजारच्या बाकावर एक तरुण कोरियन मुलगी होती, दुधासारखी गोरी. तिच्याही अंगातून तेच. सूनबाईने समजावले, "आई, ही घाण नाही. कातडीचा वरचा मेलेला थर आहे. रोज नवी कातडी येते, जुनी मरते. सगळ्यांचीच." अक्का बराच वेळ त्या पोरीच्या बाकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मी वजरीनं जित्ती कातडी काढत होते व्हय?" आणि हसली.

चोळणाऱ्या बाईचे हात वाफेने सुरकुतलेले. दिवसभर उभे राहून दुसऱ्यांची अंगे रगडायची. अक्काला तिचीच काळजी. "हिचे खांदे दुखत असतील." सूनबाईने सांगितले, की पूर्वी या कामगारांना 'मळ काढणारा' अशा अर्थाच्या हलक्या नावाने हाक मारीत, आता 'सेशिनसा' म्हणजे अंग धुण्याच्या कामातले जाणकार म्हणतात. अक्का म्हणाली, "आमचं पण तसंच. झाडूवाली म्हणायचे, मग सफाई कामगार झाले. नाव बदललं त्ये बरंच झालं, पण खांद्याला आराम मिळाला तर खरं." कष्टकऱ्याचे दुखणे कष्टकऱ्यालाच कळते.

यानंतर जे घडले, त्यासाठी हा लेख. आम्ही स्टुलांवर बसून पाणी घेत होतो. अक्काच्या शेजारी सत्तर-पंच्याहत्तरची एक म्हातारी होती. तिने आपली थैली अक्कापुढे धरली, काहीतरी बोलली आणि सरळ पाठ फिरवून बसली. अक्का गोंधळली. सूनबाई म्हणाली, "आई, त्या पाठ चोळून द्या म्हणतायत. आपला हात आपल्या पाठीला पोचत नाही ना, म्हणून शेजारणीला सांगायची इथं जुनी पद्धत आहे. ओळख लागत नाही."

अक्का हातातल्या थैलीकडे बघत राहिली. मग आमच्या कानाशी येऊन मराठीतच, पण अगदी हळू म्हणाली, "हिला ठावं न्हाई आपण कोण ते."

भगिनींनो, त्या वाक्याने आमच्या पोटात कालवले. दुष्काळात गावच्या विहिरीवर ओंजळ धरून तासन् तास थांबलेली बारा वर्षांची पोर पासष्टाव्या वर्षी परक्या मुलखात बोलत होती. आम्ही एवढेच म्हणालो, "अक्का, तिला पाठ चोळून हवी आहे. चोळ."

अक्काने चोळली. तीस वर्षे झाडू धरलेला हात, त्यात जोर काय कमी? म्हातारी समाधानाने हुंकार देत होती. मग तिने थैली घेतली, अक्काला वळायची खूण केली आणि अक्काची पाठ चोळून दिली. वर तांब्याभर गरम पाणी ओतले. तेही वरूनच ओतलेले पाणी. पण त्यात एक हात अक्काच्या खांद्यावर होता.

नंतर आम्ही कपडे घालून वरच्या दालनात गेलो. भाचा आधीच येऊन बसला होता. जमीन खालून तापवलेली, उबदार. कुटुंबेच्या कुटुंबे चटयांवर लवंडलेली. बाजूला मिठाची, पिवळ्या मातीची, कोळशाची अशा शेकायच्या खोल्या. आम्ही भाजलेली तपकिरी अंडी खाल्ली आणि तांदळाचे थंडगार गोड पेय, सिख्ये, प्यायलो.

अक्काने वाक्य सांगितले तसा भाचा गंभीर झाला. म्हणाला, "आई, या देशातही आपल्यासारखे होते." बेकजोंग म्हणून एक समाज होता. कसाईकाम, चामड्याचे काम, टोपल्या विणणे हे त्यांचे धंदे. वस्ती वेगळी, आणि इतरांच्या पोरांपुढेही नम्रपणे बोलायची सक्ती. १८९४ मध्ये कायद्याने भेद संपला, पण रूढी राहिली. तेव्हा १९२३ च्या एप्रिलमध्ये जिंजू गावात त्यांनी 'ह्योंगप्योंग-सा' ही संघटना काढली. अर्थ असा, की माणसे तराजूच्या दांडीसारखी समान असावीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला, आणि तो अमलात येत नाही म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. दोन देश, एकमेकांची खबर नाही, दुखणे एक. आज तिथे बेकजोंग कोण, हे शेजाऱ्यालाही सांगता येत नाही. आपल्याकडे अजून आडनाव विचारतात.

शेकण्याची ही परंपराही जुनी आहे. पंधराव्या शतकात तिथे बौद्ध भिक्खू आजाऱ्यांसाठी घाम काढण्याची घरे चालवीत. रोग न पाहता शेकल्याने काही रोगी दगावले, म्हणून १४२२ मध्ये राजा सेजोंग याने चौकशी लावली आणि लाभ होत असेल तर वैद्याने रोग्याला तपासूनच शेकावे असे ठरवले. तो शहाणपणा आजही लागू आहे. रक्तदाब, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी फार गरम खोलीत जाऊ नये. इतरांनीही थोडा वेळच बसावे, पाणी पीत राहावे. अक्काला रक्तदाब आहे, म्हणून ती कोमट खोलीतच बसली.

आता आम्ही मुंबईला परतलो आहोत. सोलहून येताना अक्काने त्या थैल्या डझनभर आणल्या आणि चाळीत वाटल्या. वजरी मोरीतच आहे, पण आता फक्त टाचांसाठी. मागच्या रविवारी आम्ही तिच्याकडे गेलो, तर मोरीचे दार लोटलेले आणि आतून शेजारच्या सुगंधी हसण्याचा नव्हे, मोठमोठ्याने हसण्याचा आवाज येत होता. शेजारची म्हातारी काकू आत स्टुलावर बसलेली आणि अक्का तिची पाठ चोळत होती.

आम्हाला पाहून अक्का म्हणाली, "बस जरा. हिचं झालं की तुझा नंबर."