कापसाच्या भावासाठी एक दाबा

2004 चा हंगाम. धरणगावातल्या एका जिनिंगच्या ऑफिसात मी नुकताच हिशेबाला लागलो होतो. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की सकाळपासून फोन खणखणायचा आणि प्रश्न एकच, आज भाव काय? शेठजींच्या मनात आलं, हे उत्तर कॉम्प्युटरनेच द्यावं. त्यांनी फोनची तार कॉम्प्युटरला जोडणारा एक व्हॉइस मोडेम आणून माझ्या टेबलावर ठेवला. "तुला कॉम्प्युटर येतो ना? मग लाव." मला टॅली येत होतं. फोनच्या आत काय चालतं याचा गंधही नव्हता.

मोडेमला आज्ञा टाइप करून द्यायच्या असतात. 'एटी' लिहून एंटर मारलं आणि पडद्यावर 'ओके' उमटलं, तेव्हा मी चक्क खुर्चीतून उठलो. बाहेरून फोन आला की एक्सचेंज तारेवर सुमारे 75 व्होल्टचा एसी सोडतं. तो ओळखून मोडेम 'रिंग' असं छापतो. त्यावर 'एटीए' म्हटलं की तो फोन उचलतो खरा, पण समोरही मोडेमच आहे असं धरून 2100 हर्ट्झची कर्कश शिट्टी वाजवतो. माणसाशी बोलायचं तर आधी 'एटी+एफक्लास=8' म्हणून त्याला व्हॉइसवर आणावं लागतं. मग तो आपण भरलेला आवाज वाजवतो आणि समोरचं ऐकतोही.

त्या ऐकण्यानेच मला चक्रावून टाकलं. पडद्यावर अगम्य चिन्हांचा पूर लोटला. तो बोलणाऱ्याचा आवाज होता, सेकंदाला हजारो आकड्यांत चिरलेला. मित्राला पीसीओवरून पाच दाबायला सांगितलं, पण त्या पुरात पाच शोधायचा कुठे? उत्तर मॅन्युअलमध्ये होतं. कळ दाबली गेली की मोडेम 16 क्रमांकाचं एक चिन्ह पाठवतो आणि लगेच मागे 5. मग आवाजातच योगायोगाने 16 आला तर? तर तो सलग दोनदा पाठवतो. दोनदा आला तर आवाज, एकदा येऊन मागे अंक आला तर कळ. ही युक्ती ज्यांना सुचली त्यांचं मला आजही कौतुक वाटतं.

पण मोडेमला तरी पाच कसा कळतो? प्रत्येक कळ दोन सूर एकदम वाजवते, एक तिच्या आडव्या ओळीचा, एक उभ्या ओळीचा. पाचचे 770 आणि 1336 हर्ट्झ, एकचे 697 आणि 1209. अमेरिकेत बेल कंपनीने 1963 मध्ये ही पद्धत आणली, तेव्हा आकडे असे निवडले की कुठलाही सूर दुसऱ्याच्या पटीत नाही. माणसाच्या आवाजात मूळ सुराबरोबर त्याच्या पटीतले सूरही येतात, कळीत नेमके दोनच. मोडेम ठरलेल्या प्रत्येक सुराचा जोर मोजतो आणि दोनच वर आले, काही क्षण टिकले, तरच कळ मानतो.

हे बरंच झालं, कारण लोक बोलायचेच. त्याच वर्षी जानेवारीत सरकारचं किसान कॉल सेंटर 1551 या नंबरवर सुरू झालं होतं, तिथे उत्तराला माणूस असे. आमच्याकडे "भावासाठी एक दाबा, वजनकाट्याची वेळ ऐकण्यासाठी दोन दाबा" असं वाजलं तरी पलीकडून आवाज यायचा, "भाऊ, आज काय भाव शे?" मोडेम ते ऐकायचा आणि कळीची वाट पाहत राहायचा.

काहीजण एक दाबायचे, तरीही काही घडत नसे. तेव्हा बऱ्याच फोनांच्या बुडाशी 'पी' आणि 'टी' असा खटका असे. तो 'पी'वर असला की सूर निघतच नाहीत, तार तितक्या वेळा तुटते नि जुळते. शेतकऱ्याने भाव ऐकण्यासाठी फोन उलटा करून खटका सरकवावा, हे मला पटेना.

दुसरी अडचण फोन ठेवण्याची. पलीकडच्याने ठेवला की आपल्याला एंगेज टोन येतो, 400 हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. आमचा मोडेम अमेरिकेतला 480 आणि 620 चा जोडसूर ओळखायला शिकलेला. तो आपला टोन ऐकत तसाच लाइन धरून बसायचा आणि तोवर दुसऱ्या कुणाचा फोन लागायचा नाही. ऐन हंगामात हे फार लागायचं मनाला.

मग प्रोग्रामच बदलला. काही सेकंद कळ आली नाही तर सरळ भाव सांगायचा. दोनदा सांगून झाला की पलीकडे कोणी असो-नसो, फोन आपणच ठेवायचा. दोन दाबू न शकणाऱ्याला काट्याची वेळ मात्र कळत नव्हती, म्हणून तीही भावाच्या शेवटी बोलून टाकली.