पान आधी उलटं कर

भुईमुगाच्या पानावर ठिपके दिसले की आमच्या भागात एका शब्दात निकाल लागतो : टिक्का. पान घेऊन कृषी सेवा केंद्रात जायचं, दुकानदारानं ते वरून पाहिल्यासारखं करायचं, पुडा पुढे सरकवायचा आणि संध्याकाळी पंप पाठीवर. दर वेळी निदान चुकतंच असंही नाही. खरिपात झड लागली की टिक्का येतोच. पण माझ्या हातात पान आलं की मी ते आधी उलटं करतो. ही सवय माझी नव्हे. ती ज्यांच्याकडून आली त्यांना आम्ही कृषी महाविद्यालयात नुसतं ‘बाई’ म्हणायचो. वनस्पती रोगशास्त्राची प्रात्यक्षिकं त्या घ्यायच्या.

भुईमुगाचा टिक्का ही एक बुरशी नाही, दोन आहेत. लवकर येणाऱ्या टिक्क्याचे ठिपके तपकिरी असतात, त्यांच्याभोवती पिवळं कडं असतं आणि बीजाणू बहुतेक पानाच्या वरच्या बाजूला धरतात. उशिरा येणाऱ्याचा ठिपका गडद, खालून तर जवळजवळ काळा, आणि बीजाणूंचे बारीक झुबके पानाच्या मागच्या बाजूला, वर्तुळात वर्तुळ असे मांडलेले. पुस्तकं पिवळ्या कड्यावर भर देतात. बाईंना ते कडं आवडत नसे. वाणाप्रमाणे, हवेप्रमाणे ते कधी दिसतं, कधी नाही. “कड्यावर सही करू नकोस,” त्या म्हणायच्या, “पान आधी उलटं कर.”

मग भिंग. उजेड समोरून नाही, तिरपा घ्यायचा, म्हणजे ठिपक्यावरची लव सावलीनं उठून दिसते. सुईचं टोक ओलं करून तेवढंच खरवडायचं, स्लाइडवर घ्यायचं, वर कव्हरस्लिप. आम्ही सवयीनं कॉटन ब्लूच्या बाटलीकडे हात न्यायचो आणि बाई तो मागे घ्यायला लावायच्या. कारण इथे बीजाणूचा मूळ रंगच पाहायचा असतो. लवकरच्या टिक्क्याचा बीजाणू लांब, निमुळता, किंचित वाकलेला आणि जवळजवळ बिनरंगी. उशिराचा आखूड, जाड, ऑलिव्हकडे झुकणाऱ्या तपकिरी रंगाचा, बहुधा तीन-चार पडद्यांचा. सगळंच निळं करून टाकल्यावर हा फरक कुठून दिसणार? साध्या पाण्यात बघा, नाहीतर बिनरंगाच्या लॅक्टोफिनॉलमध्ये.

ठिपक्यावर काहीच सापडलं नाही तर पान पेट्री डिशमध्ये ओल्या टीपकागदावर रात्रभर ठेवायचं. सकाळी बुरशी वर आलेली असायची आणि आम्ही नाव सांगायला उतावीळ. त्यावर बाईंचं ठरलेलं होतं : दारात जो उभा दिसतो तो चोरच असेल असं नाही, मयताला आलेली माणसंही दारातच उभी असतात. मेलेल्या पेशींवर अल्टरनेरिया येते, क्लॅडोस्पोरियम येते; त्यांनी ठिपका पाडलेला असतोच असं नाही.

नाव विचारलं तर त्या उलट विचारायच्या, झाड कुठलं? टिक्क्याच्या दोन्ही बुरशा ज्यात मोडतात त्या सर्कोस्पोरा गटातल्या बुरशा एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की यजमान वनस्पती कळल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. चार्ल्स चप यांचा १९५४ चा जाडजूड ग्रंथ वनस्पतींच्या कुळांप्रमाणे लावलेला आहे तो त्यामुळेच. आपल्याकडे आर. एस. वासुदेव यांचं भारतीय सर्कोस्पोरांवरचं पुस्तक १९६३ साली निघालं. दोन्ही पुस्तकं बाईंच्या टेबलावर असत. त्यांच्या बोलण्यात मात्र नाव यायचं नेओमी वुडरूफ यांचं. अमेरिकेतल्या जॉर्जियात काम करणाऱ्या या बाईंनी १९३३ साली भुईमुगाच्या पानावरचे हे दोन ठिपके वेगवेगळे मांडून दाखवले. आमच्या बाईंनी त्यावर कधी भाषण दिलं नाही. पण त्या काळी आमच्या विभागात त्या एकट्याच स्त्री होत्या, आणि वुडरूफ यांचं नाव घेताना आवाज जरा चढायचा, तो आम्हाला ऐकू यायचा.

एवढ्या खटाटोपाचा शेतकऱ्याला काय उपयोग, असं मी एकदा विचारलं होतं. दोन टिक्क्यांपुरता फारसा नाही, त्यांनी सरळ सांगितलं. फवारणी सारखीच, फरक वाण तयार करणाऱ्याला हवा. पण पान उलटं केलं की तांबेराही सापडतो. खालच्या बाजूला नारिंगी-तपकिरी बारीक फोड असतात, आणि टिक्क्याचं पान लवकर गळून पडतं तसं तांबेऱ्याचं पडत नाही, वाळून झाडालाच चिकटून राहतं. कार्बेन्डॅझिम टिक्क्यावर चालतं, तांबेऱ्यावर नाही. दुकानदाराचा पुडा वाया जातो तो इथे.

पुढे मी याच कामात राहिलो. वाळवलेले नमुने कागदी पाकिटांत घालून पुण्याला आघारकर संशोधन संस्थेच्या अजरेकर हर्बेरियममध्ये पाठवताना लेबल लिहितो. त्यावर यजमान, ठिकाण, तारीख, कोणी गोळा केलं, कोणी ओळखलं असे रकाने. शेवटच्या रकान्यात माझं नाव लिहिताना दर वेळी अवघडतो. एकदा तिथे बाईंचं नाव घालू का म्हणून फोन केला, तर म्हणाल्या, “मी पाहिलंय का ते पान? मग?” आभार मानायची तेवढीही वाट त्यांनी ठेवली नाही.

उशिरा येणाऱ्या टिक्क्याच्या बुरशीला आजवर बरीच नावं मिळाली. क्लॅडोस्पोरियम, सर्कोस्पोरा, सर्कोस्पोरिडियम, फिओइसारिऑप्सिस. आणि डीएनए तपासून झाल्यावर आता नोथोपासालोरा. हे ताजं नाव सांगायला मी त्यांना पुन्हा फोन केला. आता त्यांना ऐकायला कमी येतं, दोनदा सांगावं लागलं.

“बीजाणू तसेच आहेत ना?” त्यांनी विचारलं.

“तसेच आहेत, बाई.”

“मग नव्या नावाची चिठ्ठी शेजारी चिकटव. जुनं लेबल काढू नकोस, त्यावर कुणीतरी डोळे घातलेत.”